अर्ध्या अर्ध्या सेकंदांची बेरीज

उस्मानाबादचं धाराशिव एका दिवसात झालं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती आली आणि शहराचं नाव बदललं. महसुली जिल्हा आणि तालुका यांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. रेल्वे स्थानकाला नवं नाव मिळायला २०२५ साल उजाडलं. माणसं अशा बदलाला लवकर सरावतात, संगणकाला मात्र एकेक गोष्ट सांगावी लागते. जुना दाखला आज पुन्हा छापला तर त्यावर कोणतं नाव यावं? शोधताना कुणी ‘उस्मानाबाद’ लिहिलं तर धाराशिव सापडायला हवं की नको? वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत जिल्हा ‘उ’मधून उठून ‘ध’मध्ये गेला का? पिनकोड ४१३५०१ आणि गाड्यांचा एमएच-२५ हे तसेच राहिले ना? ‘एक शब्द तर बदलायचाय’ म्हणून हातात घेतलेल्या कामाला असे शेकडो फाटे फुटतात.

अशा प्रत्येक प्रश्नासाठी प्रोग्रामर एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवतो. तो मूळ प्रोग्रामला एखादं काम सांगतो, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो आणि पास की फेल एवढंच कळवतो. हीच टेस्ट, आणि अशा सगळ्या टेस्ट मिळून होतो टेस्ट सूट. कोडमध्ये कुणीही कुठेही हात लावला की सगळा सूट पुन्हा चालवायचा. जिल्ह्याचं नाव बदलताना शिष्यवृत्तीची यादी किंवा पीकविम्याचा अर्ज बिघडला नाही ना, हे माणसाने बसून तपासायचं म्हटलं तर आठवडे जातील.

हे सूट केवढे मोठे होतात याची कल्पना यावी म्हणून दोन आकडे. एसक्यूलाइट हा छोटेखानी डेटाबेस जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असतो. २०२३ मधल्या त्याच्या ३.४२ आवृत्तीत मूळ कोड होता सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा आणि तो तपासणारा कोड सुमारे ९ कोटी २० लाख ओळींचा, म्हणजे ५९० पट. गूगलच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधानुसार त्यांच्या चाचणी यंत्रणेवर रोज सरासरी १५ कोटी टेस्ट चालत होत्या.

एवढ्या टेस्टना वेळ लागणारच, पण किती लागतो यावर माणसांचं वागणं ठरतं. पाच मिनिटांत संपणारा सूट लोक प्रत्येक बदलानंतर चालवतात. तो पन्नास मिनिटांचा झाला की जेवायला जाताना लावून देतात. आणखी वाढला की फक्त रात्री चालवतात, आणि मग दिवसभरात वीस जणांनी केलेल्या बदलांपैकी नेमकं कोणत्या बदलाने बिघडलं, हे शोधण्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ जाते. सूट हळू झाला म्हणून टेस्ट नाहीशा होत नाहीत, पण त्यांचा उपयोग उतरणीला लागतो.

पहिल्या दहांची यादी

सूट हळू आहे अशी तक्रार आली की पहिला उपाय ठरलेला असतो: सगळ्यांत जास्त वेळ घेणाऱ्या दहा टेस्ट काढा. पायथनच्या पायटेस्टमध्ये त्यासाठी ‘ड्युरेशन्स’ नावाचा पर्याय आहे, रुबीच्या आरस्पेकमध्ये ‘प्रोफाइल’ नावाचा. एखादी टेस्ट विनाकारण तीस सेकंद झोपा काढत असेल तर या यादीत ती लगेच उघडी पडते. म्हणून यादी जरूर काढावी.

पण जुन्या, बऱ्यापैकी सांभाळलेल्या सूटमधले असे ठळक गुन्हेगार आधीच पकडले गेलेले असतात. समजा, ६,००० टेस्ट आहेत आणि प्रत्येकीला साधारण अर्धा सेकंद लागतो. एकूण झाले ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं. पहिल्या दहांच्या यादीत दोन सेकंदांची एखादी, बाकीच्या दीड-पावणेदोनच्या. त्या दहाही टेस्ट काढून टाकल्या तरी वाचतील सोळा-सतरा सेकंद. यादी खोटी नसते, तरी तिच्यावरून काहीच हाती लागत नाही.

एसटीच्या उदाहरणाने हे लवकर कळेल. समजा, धाराशिव विभागातल्या गाड्या रोज उशिरा पोचताहेत. सगळ्यांत जास्त उशीर झालेल्या दहा फेऱ्या मागवल्या तर मुंबई-पुण्याच्या लांब पल्ल्याच्या गाड्याच वर येतील, कारण रस्ता लांब तिथे उशीरही जास्त. आता प्रत्येक फेरीत कुठे किती वेळ गेला याचे तक्ते मागवले आणि ते फेरीनुसार न लावता ठिकाणानुसार जमा केले तर? कदाचित असं दिसेल, की तुळजापूरवरून जाणारी जवळजवळ प्रत्येक गाडी रस्त्याचं काम चाललेल्या एकाच जागी सहा मिनिटं अडकते. सहा मिनिटं कुठल्याच एका फेरीत डोळ्यांवर येत नाहीत. दोनशे फेऱ्यांची मिळून मात्र वीस तास होतात.

टेस्ट सूटचंही तेच आहे. वेळ कोणत्या टेस्टने खाल्ला हे विचारण्याऐवजी सगळ्या टेस्टमध्ये मिळून कोणत्या कामाने खाल्ला, हे विचारलं पाहिजे. त्याचं उत्तर प्रोफाइलर देतो, पण अनेक प्रोफाइल एकत्र केल्यावरच.

प्रोफाइलर काय पाहतो

प्रोग्राम चालू असताना त्याचा वेळ कुठे जातो हे नोंदवणाऱ्या साधनाला प्रोफाइलर म्हणतात. त्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक फंक्शनमध्ये, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात, शिरताना आणि बाहेर पडताना नोंद होते. हिशेब चोख राहतो, पण नोंदी करण्याचाही खर्च असतो. लाखो वेळा बोलावलेलं इवलंसं फंक्शन त्या नोंदींमुळेच जड वाटू लागतं. दुसऱ्या पद्धतीत सेकंदाला समजा शंभर वेळा प्रोग्रामला मध्येच थांबवून ‘आत्ता तू कुठे आहेस’ एवढंच विचारायचं. ज्या फंक्शनचं नाव जास्त वेळा येईल, तिथे जास्त वेळ जातो. हे नमुने घेणं स्वस्त पडतं, मात्र उत्तर अंदाजाचं असतं.

या मोजणीची गरज का पडली? प्रोग्रामरचे वेगाबद्दलचे अंदाज बहुतेक वेळा चुकतात म्हणून. डोनाल्ड कनुथ यांनी १९७१ मध्ये लोकांनी लिहिलेले खरेखुरे फोरट्रान प्रोग्राम गोळा करून तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळ कोडच्या ४ टक्क्यांहूनही कमी भागात जात असल्याचं दिसलं. पुढे १९८२ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी जीप्रोफ हे साधन मांडलं. कोणत्या फंक्शनला किती वेळ लागला एवढ्यावर न थांबता, त्याला कुणी बोलावलं हेही ते दाखवू लागलं. गाठ तिथेच असते, हे पुढे दिसेलच.

एकट्या टेस्टचं प्रोफाइल अपुरं का

अर्ध्या सेकंदाच्या टेस्टवर सेकंदाला शंभर या दराने नमुने घेतले तर मिळतात जेमतेम पन्नास. एकूण वेळातला २ टक्के वेळ खाणारं फंक्शन त्यात सरासरी एकदा दिसेल. एका टेस्टमध्ये ते शून्य वेळा दिसेल, दुसरीत तीन वेळा, आणि दोन्हींवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरेल. सहा हजार टेस्टचे नमुने एकत्र केले की होतात तीन लाख. तेच फंक्शन आता सुमारे ६,००० वेळा दिसतं. अशा मोजणीतली योगायोगाची चूक ढोबळमानाने आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणजे इथे ७७च्या आसपास. सव्वा टक्क्याची चूक कुणालाही चालेल.

ही सोय पहिल्यापासून साधनांमध्येच आहे. जीप्रोफला अनेक वेळच्या नोंदींच्या फाइली दिल्या तर तो त्यांची बेरीज करून एकच फाइल देतो. पायथनमध्ये सीप्रोफाइल हे साधन २००६ च्या २.५ आवृत्तीपासून आहे, आणि त्याच्या जोडीच्या पीस्टॅट्समध्ये एका प्रोफाइलमध्ये दुसरं मिसळण्याची सोय आहे. गो भाषेसोबत येणाऱ्या पीप्रोफला एकाहून अधिक फाइली दिल्या की तो त्या आपणहून एकत्र वाचतो. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये आणलेल्या फ्लेम ग्राफसाठी तर प्रत्येक नमुन्याची एक ओळ होते: कुणी कुणाला बोलावलं याची साखळी आणि पुढे आकडा. हजार टेस्टच्या ओळी एकाखाली एक ठेवल्या आणि सारख्या साखळ्यांचे आकडे मिळवले की बेरीज झाली. चित्रात जो पट्टा रुंद, तिथे वेळ जास्त.

बेरीज सोपी असली तरी तिच्या आधीची शिस्त चुकवता येत नाही. जीप्रोफच्या नोंदींची फाइल ठरावीक नावाने तयार होते. प्रत्येक टेस्टसाठी वेगळी फाइल ठेवली नाही तर पुढची टेस्ट मागचीच्या नोंदी पुसते आणि शेवटी बेरजेला एकच फाइल उरते. सगळे नमुने एकाच बिल्डचे हवेत. काल संकलित केलेल्या कोडचे आणि आजच्या कोडचे पत्ते एकमेकांत मिसळले तर भलत्याच फंक्शनच्या माथी वेळ मारला जातो. आणि प्रत्येक नमुन्यासोबत टेस्टचं नाव जपून ठेवावं, कारण एकत्र केलेला ढीग पुन्हा वेगळा करण्याची वेळ येतेच.

बेरजेत कोण सापडतं

आपल्या ५० मिनिटांच्या सूटकडे परत येऊ. समजा, तो जमिनीच्या नोंदींच्या एखाद्या प्रणालीचा आहे. सगळी प्रोफाइल एकत्र केल्यावर दिसलं, की जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड तयार करणारं एक फंक्शन प्रत्येक टेस्टच्या आधी ०.२ सेकंद घेतं. धाराशिव जिल्ह्यातले आठ तालुके आणि सातशेहून अधिक गावं प्रत्येक टेस्टसाठी नव्याने डेटाबेसात भरली जाताहेत, टेस्टला एकच गाव हवं असलं तरी. ६,००० गुणिले ०.२ म्हणजे १,२०० सेकंद. पन्नासपैकी वीस मिनिटं इथे गेली. पहिल्या दहांच्या यादीत याचा मागमूसही नव्हता.

दुसरा नेहमीचा आरोपी पासवर्ड. पासवर्डचं गुपित रूप तयार करणारं गणित मुद्दाम हळू ठेवलेलं असतं. चोराला अब्जावधी अंदाज करून पाहता येऊ नयेत म्हणून. वेबसाइटी बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जँगोच्या ४.२ आवृत्तीत हे गणित डीफॉल्टने ६ लाख वेळा फिरतं. खऱ्या वापरात ते योग्यच आहे. पण टेस्टमध्ये खोटा तलाठी तयार करून त्याला लॉगइन करवायचं असेल तर तिथे चोर कुठला? म्हणून टेस्टपुरती वेगवान पद्धत लावा, असा सल्ला जँगोची माहितीपुस्तिकाच देते. ४,००० टेस्टमध्ये प्रत्येकी ०.१ सेकंद वाचला तर ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटं हाती येतात. ही सैल पद्धत चुकून खऱ्या सर्व्हरवर गेली तर मात्र वाचवलेल्या मिनिटांपेक्षा महाग पडेल. म्हणून ती टेस्टच्या सेटिंगमध्येच अडकवून ठेवायची.

पहिल्या दुरुस्तीतही एक काटा आहे. गावांची उतरंड एकदाच तयार करून सगळ्या टेस्टना वाटली, तर ती सामाईक होते. एखाद्या टेस्टने नाव बदलण्याची सोय तपासताना त्या उतरंडीत उस्मानाबादचं धाराशिव केलं आणि परत पूर्ववत केलं नाही, तर तिच्यामागून चालणाऱ्या, जुनं नाव अपेक्षित असलेल्या टेस्ट फेल होतात. क्रम बदलला की त्याच पास होतात. असली चंचल टेस्ट हळू टेस्टपेक्षा जास्त त्रास देते. उपाय असा: सामाईक माहिती फक्त वाचायला द्यायची, आणि टेस्टने केलेले बदल डेटाबेसच्या व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) गुंडाळून शेवटी मागे फिरवायचे.

बेरीज फसवते तेव्हा

एकत्र प्रोफाइल उघडल्यावर सर्वांत वर अनेकदा मेमरी मागणारं, मजकूर जुळवणारं किंवा डेटाबेसशी बोलणारं एखादं मूलभूत फंक्शन दिसतं. ते वेगवान करायला धावू नये. ते बिचारं सांगकाम्या असतं आणि त्याला वरून वारंवार कुणीतरी बोलावत असतं. म्हणून स्वतःचा वेळ आणि बोलावलेल्या फंक्शनांसह एकूण वेळ हे दोन आकडे वेगळे वाचायचे आणि साखळीत वर चढत जायचं. गावांची उतरंड सापडली ती अशीच. स्वतःच्या वेळात तिचा क्रमांक बराच खाली होता, एकूण वेळात मात्र वर. इथे जीप्रोफची एक मर्यादाही लक्षात ठेवावी. एखाद्या फंक्शनचा वेळ त्याला बोलावणाऱ्यांमध्ये वाटताना प्रत्येक बोलावण्याला सारखाच वेळ लागला असं तो धरतो. एकाने दहा नोंदी मागितल्या आणि दुसऱ्याने दहा हजार, तरी दोघांच्या वाट्याला सारखा भार येतो. पूर्ण साखळीचे नमुने घेणाऱ्या नव्या साधनांमध्ये ही अडचण राहत नाही.

दुसरी फसवणूक वाट पाहण्याची. बरेचसे प्रोफाइलर प्रोसेसर काम करत असतानाचाच वेळ मोजतात. टेस्ट डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबली असेल किंवा ‘दोन सेकंद थांब’ असं कुणी कोडमध्ये लिहून ठेवलं असेल, तर त्या वेळात प्रोसेसर मोकळा असतो आणि प्रोफाइलमध्ये त्याची नोंदच होत नाही. घड्याळात ५० मिनिटं आणि प्रोफाइलच्या बेरजेत ३० अशी तफावत आली, तर उरलेली २० मिनिटं वाट पाहण्यात गेली असं समजून घड्याळी वेळ मोजणारं प्रोफाइल वेगळं काढावं.

तिसरी गोष्ट समांतर चालवण्याची. टेस्ट पाच यंत्रांवर वाटून दिल्या तर काम तेवढंच राहून वेळ पाचपट घटेल असं वाटतं. वरच्या दोन दुरुस्त्यांनंतर आपला सूट सुमारे २३ मिनिटांवर आला. पाच यंत्रांवर तो पाचच्या आत संपायला हवा. पण एवढ्याच दुसऱ्या एखाद्या सूटमध्ये एकच टेस्ट आठ मिनिटांची असली तर तो सूट आठ मिनिटांच्या आधी संपूच शकत नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा हाच होता: जो भाग वाटता येत नाही, तो उरलेल्या सगळ्या वेगाला लगाम घालतो. इथे पहिल्या दहांची यादी पुन्हा कामी येते. एकूण काम कमी करायला बेरीज पाहायची आणि समांतर वेळ कमी करायला सर्वांत लांब टेस्ट पाहायची.

टेस्ट यंत्रांवर वाटताना मागच्या वेळच्या नोंदी वापरता येतात. लांब टेस्ट आधी, आणि प्रत्येक वेळी जे यंत्र आधी रिकामं होईल त्याला पुढची टेस्ट. रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६९ मध्ये सिद्ध केलं, की एवढ्या साध्या रीतीनेही लागणारा वेळ सर्वोत्तम वाटणीच्या चार-तृतीयांशापलीकडे कधी जात नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सूटमध्ये तर समांतर चालणाऱ्या टेस्टचे गट एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात आणि एका गटात वीसपेक्षा जास्त टेस्ट ठेवायच्या नाहीत असा संकेत आहे.

थांबायचं कधी

एक दुरुस्ती केली की पुन्हा मोजायचं, हा नियम मोडू नये. वीस मिनिटांचा खर्च नाहीसा झाल्यावर बाकी सगळ्यांची टक्केवारी बदलते. काल ४ टक्क्यांवर असलेलं फंक्शन आज न वाढताही जवळजवळ ७ टक्क्यांवर दिसतं. जुन्या प्रोफाइलवरून दुसरी, तिसरी दुरुस्ती ठरवणारे लोक नसलेल्या आजारावर औषध देत बसतात.

हे सगळं शिकायला मोठी कंपनी लागत नाही. एसक्यूलाइट, पोस्टग्रेस, जँगो यांचा कोड खुला आहे आणि जँगो व पोस्टग्रेसचे सूटही त्यासोबतच मिळतात. धाराशिव किंवा तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी स्वतःच्या लॅपटॉपवर जँगोचा सूट चालवू शकतो, शंभर टेस्टची प्रोफाइल वेगवेगळ्या फाइलींत घेऊन पीस्टॅट्सने मिळवू शकतो आणि एकेकट्या टेस्टमध्ये न दिसलेलं फंक्शन बेरजेत वर आलेलं पाहू शकतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आणखी एक उपस्थिती नोंदवणारं अॅप बनवण्यापेक्षा यातून जास्त शिकायला मिळेल.

चारपाच दुरुस्त्यांनंतर अशी वेळ येते, की एकत्र प्रोफाइलमध्ये सर्वांत वरच्या नावापुढेही दोन-तीन टक्केच असतात. तिथे प्रोफाइलरचं काम संपलं. यापुढे सूट कमी करायचा तर प्रश्न वेगळे विचारावे लागतात: एकच गोष्ट चार टेस्ट तपासताहेत का? पूर्ण वेबसाइट उभी करून जे तपासतो, ते एका फंक्शनवर तपासता येईल का? या बदलाने ज्या कोडला स्पर्शही झाला नाही, त्याच्या टेस्ट आत्ता चालवायच्या की रात्री? ही उत्तरं कोणत्याच बेरजेतून येत नाहीत. ती ज्यांना ते सॉफ्टवेअर कशासाठी आहे हे माहीत आहे, त्यांनीच द्यायची असतात.